मोजमाप पुस्तिकेचे पान

आमच्या तालुक्यातील एका लहानशा गावी, मारुतीच्या देवळापुढील पारावर भरलेल्या ग्रामसभेत, काही वर्षांपूर्वी एका मजूर बाईने विचारलेला प्रश्न माझ्या मनातून अद्याप गेलेला नाही. गावठाणापासून वस्तीपर्यंत नव्यानेच झालेल्या मुरमाच्या रस्त्याचा विषय निघाला होता. ‘काम समाधानकारकरीत्या पूर्ण झाले’ असे वाक्य ग्रामसेवकांनी इतिवृत्ताच्या वहीतून वाचून दाखविले, सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहून झाली, आणि सभा पुढच्या विषयाकडे वळणार तोच मागे, चपलांच्या ढिगापाशी बसलेली ही बाई डोईवरचा पदर सावरीत उभी राहिली. “भाऊसाहेब, रस्त्यावर मुरमाच्या ट्रॉल्या किती पडल्या, ते बी वाचा की. आम्हीच पसरलाय मुरूम. चार इसा आन् सात ट्रॉल्या झाल्या, माझ्या ध्यानात हाय.” मुरूम पसरण्याची मजुरी ट्रॉलीमागे ठरलेली असल्यामुळे हा आकडा तिला विसरून चालण्याजोगा नव्हताच. ग्रामसेवकांनी सौजन्याने सांगितले, की तो तपशील मोजमाप पुस्तिकेत असतो आणि ती पुस्तिका तालुक्याच्या कार्यालयात असते. बाई खाली बसली. पुढचा विषय निघाला.

सार्वजनिक पैशातून होणाऱ्या कोणत्याही कामाला, मग तो रस्ता असो, शाळेची खोली असो वा पाझर तलाव असो, एका लांबलचक साखळीतून जावे लागते. ग्रामसभेत ठराव होतो आणि काम आराखड्यात येते. अभियंता जागेची पाहणी करून अंदाजपत्रक करतो. मग प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश असे टप्पे ओलांडून काम सुरू होते. झालेले काम अभियंता मोजतो, त्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत करतो, आणि त्या नोंदीवरून ठेकेदाराचे देयक निघते. या पुस्तिकेचे पान दिसायला अगदी साधे असते: नग, लांबी, रुंदी, खोली आणि त्यांच्या गुणाकाराने आलेले परिमाण, असे चार-पाच रकाने आणि खाली सही. परंतु लोकांचा पैसा लोकांच्या कामात किती उतरला याचा अखेरचा लेखी पुरावा या रकान्यांतच असतो, आणि आपल्या व्यवस्थेने नागरिकाला साखळीच्या पहिल्या कडीपाशी आदराने बोलावून, ठरावाला हात वर करावयास सांगून, पुढच्या साऱ्या कड्यांपासून मात्र दूर ठेवले आहे. लोकसहभाग हा शब्द आपण इतक्या वेळा उच्चारतो, की त्याचा खरा मुक्काम या पानावर आहे याचे भान सुटते.

हे असे का झाले, याचा विचार करू लागले म्हणजे दृष्टी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकाकडे जाते. २ ऑक्टोबर १९५२ रोजी समाजविकास योजनेचा आरंभ झाला, आणि गावोगावी लोक कुदळ-फावडे घेऊन श्रमदानाला निघाले. त्या उत्साहात खोटे काहीच नव्हते. माझ्या वडिलांच्या पिढीने त्या काळी बांधलेले बांध आणि विहिरी अजून उभ्या आहेत. परंतु लोकांनी हात द्यावा आणि हिशेब सरकारने ठेवावा, अशी एक वाटणी त्याच वेळी नकळत होऊन गेली. योजना लोकांची झाली नाही, ही खंत पुढे बलवंतराय मेहता समितीने १९५७ साली मांडली. महाराष्ट्रात १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम झाला, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा जिल्हा परिषदांचा कायदा आला, आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला. सत्ता मुंबईहून जिल्ह्याला आणि तालुक्याला आली, हे मोठेच स्थित्यंतर होते. दप्तर मात्र दप्तरातच राहिले.

आणि तरीही सामूहिक साक्षीची कल्पना या भूमीला परकी नव्हती. जुन्या मराठी दप्तरांत जे महजर सापडतात, त्यांत वतनाचा वा हद्दीचा तंटा गोतसभेपुढे कसा आला, कोणी काय साक्ष दिली आणि निवाडा काय झाला हे लिहून, खाली उपस्थितांच्या निशाण्या काढलेल्या असतात. पाटलाची निशाणी नांगराची, आणि बलुतेदारांच्या निशाण्या ज्याच्या त्याच्या हत्याराच्या. अक्षरशून्य माणसाचीही साक्ष कागदावर उतरल्याखेरीज तो कागद पुरा होत नसे. त्या गोतसभेत सर्वांचे आसन सारखे नव्हते, स्त्रियांचा आणि अस्पृश्य मानलेल्यांचा आवाज तिथे कितपत पोहोचत असे हे आपण जाणतोच. तेव्हा त्या काळाचे पुनरुज्जीवन मला मुळीच अभिप्रेत नाही. मात्र साक्षरता ही साक्षीची पूर्वअट नाही, एवढे त्या निशाण्यांवरून निश्चित शिकण्यासारखे आहे.

महाराष्ट्राने जगाला दिलेली रोजगार हमी योजना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील विसापूर येथे १९६५ च्या सुमारास जो प्रयोग केला, त्यातून १९७२ च्या भीषण दुष्काळात ही योजना राज्यभर पसरली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविण्यात आला, म्हणजे शहरातल्या पगारदाराच्या पाकिटातून दर महिन्याला कापली जाणारी रक्कम खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या मजुराच्या रोजाशी जोडली गेली. आणि १९७७ साली तिला कायद्याचे स्वरूप मिळाले. या योजनेने लक्षावधी माणसे जगविली. तिच्यात खोट्या हजेरीचे प्रकारही झाले, आणि ते ओळखण्याची किल्ली कोणत्याही लेखापरीक्षकापेक्षा मजुरांच्याच हाती होती. हजेरीपट वाचला गेला म्हणजे बायका चटकन म्हणत, “बाजाराच्या दिशी आमचा खाडा असतो, मग त्या दिवशीची हजेरी लागली कशी?” कोणत्या गावचा आठवडी बाजार कोणत्या वारी हे तालुक्याच्या कचेरीत बसून तपासणाऱ्याच्या ध्यानीही येत नाही, गावात मात्र ते शेंबड्या पोराला ठाऊक असते.

हजेरीपट असा चारचौघांत मोठ्याने वाचण्याची रीत पद्धतशीरपणे घातली ती राजस्थानातील मजुरांनी. राजसमंद जिल्ह्यातील देवडुंगरी या खेड्यात एका मातीच्या घरात राहून अरुणा रॉय, शंकर सिंग आणि निखिल डे यांनी काम आरंभिले, १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटना स्थापन झाली, आणि २ डिसेंबर १९९४ रोजी कोट किराना येथे पहिली जनसुनवाई भरली. मांडवाखाली गावकरी बसलेले, आणि समोर पंचायतीच्या कागदांतील नोंदी एकेक करून वाचल्या जात आहेत. ज्यांनी कधी त्या कामावर पाऊल ठेवले नाही त्यांची नावे हजेरीत निघत आहेत, अपुरी बांधकामे कागदावर पुरी झालेली आहेत. वाचणाऱ्याने आरोप करावयाचा नाही, नुसते वाचावयाचे, आणि ज्याचे नाव निघेल त्याने उभे राहून खरे काय ते सांगावयाचे. एवढ्या साध्या कृतीत केवढे सामर्थ्य होते ते पुढे दिसले. कागदांच्या प्रती मिळाव्यात म्हणून १९९६ साली ब्यावर शहरात ४० दिवसांचे धरणे झाले, ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा देशभर गेली. महाराष्ट्राने २००२ साली, अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर, माहितीच्या अधिकाराचा आपला कायदा केला आणि २००५ साली देशाचा कायदा आला. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या १७ व्या कलमाने ग्रामसभेकडून कामांची तपासणी करून घेण्याचे बंधन घातले. तिलाच आपण सामाजिक अंकेक्षण म्हणतो.

माहितीच्या अधिकाराविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले, पण त्याच्या व्याख्येतील एका तरतुदीकडे सामान्य वाचकाचे लक्ष क्वचितच जाते, म्हणून ती मुद्दाम सांगतो. हा अधिकार कागदांच्या प्रती मागण्यापुरता नाही. काम, दस्तऐवज आणि अभिलेख यांची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा, टिपणे घेण्याचा, इतकेच काय, कामात वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही तो अधिकार आहे. गावातील गटाराच्या काँक्रीटचा नमुना रीतसर मागता येतो! अर्जावर १० रुपयांचा मुद्रांक लावावा लागतो, प्रतीला पानामागे २ रुपये पडतात, आणि दारिद्र्यरेषेखालील माणसाला शुल्क माफ असते. एवढ्या मोलाने एवढे मोठे दार उघडणारा दुसरा कायदा माझ्या पाहण्यात नाही.

ग्रामसभेची कायदेशीर चौकट पाहिली तर तीही दुबळी नाही. १९९३ च्या एप्रिलमध्ये अंमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला संविधानात स्थान दिले. चौदाव्या वित्त आयोगापासून केंद्राचा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर येऊ लागला आणि ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने गावोगाव आराखडे होऊ लागले. पंधराव्या आयोगाने त्या निधीची बंधित आणि अबंधित अशी विभागणी करून बंधित भाग पाणी व स्वच्छता यांकरिता राखून ठेवला. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असाही दंडक आहे. दुखणे गणपूर्तीपाशी सुरू होते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी ती उपस्थित असावी लागते. ती न भरल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. या सवलतीमागचा हेतू काम अडू नये हा होता. परंतु कित्येक ठिकाणी पहिली सभा तहकूब होणे हाच रिवाज होऊन बसला आहे आणि दुसऱ्या सभेत दहा-वीस माणसे साऱ्या गावाच्या वतीने विकास मंजूर करतात. ज्या माणसाला एका दिवसाचा रोज बुडवून सभेला यावे लागते, त्याला तिथे आल्यावर हिशेबाचा कागद दिसणारच नसेल, तर त्याने का यावे?

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाने या प्रश्नाला दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावची घोषणा सर्वांना ठाऊक आहे. तिच्या मागे उभी असलेली अभ्यास गटाची पद्धत तितकी ठाऊक नाही. देवाजी तोफा आणि त्यांचे सहकारी, मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सोबतीने, ग्रामसभेपुढे येणाऱ्या विषयाचा आधी सावकाश अभ्यास करीत, कायदा वाचीत, जाणकाराला बोलावून शंका विचारीत. निर्णय मात्र अभ्यास गट घेत नसे, तो ग्रामसभेत आणि सर्वसहमतीनेच होई. घाई नाही, मतमोजणी नाही. एकाचा जरी विरोध असला तरी विषय पुन्हा बोलायचा. २००९ साली या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. परंतु तोडलेला बांबू गावाबाहेर न्यायचा तर वाहतुकीचा परवाना लागतो आणि त्या परवान्यांचे पुस्तक वनखात्याकडे. म्हणजे हक्क गावाचा, पुस्तक खात्याचे. २०११ च्या एप्रिलमध्ये ते पुस्तक समारंभपूर्वक ग्रामसभेच्या हाती आले तेव्हा कुठे हक्काला अर्थ प्राप्त झाला. आमच्या पारावरच्या त्या बाईची पुस्तिका आणि मेंढ्याचे हे पुस्तक यांत मला तरी अंतर दिसत नाही.

बांधून झालेल्या कामाचे व्यवस्थापन लोकांनी करावे म्हणजे काय, हे मात्र पाहावे नाशिक जिल्ह्यातील वाघाड धरणावर. सरकारी पैशाने धरण झाले, कालवे झाले, नकाशावर भिजणारी जमीन रंगविली गेली. आणि कालव्याच्या शेवटी असलेल्या ओझर परिसरातील शेतकऱ्यांच्या वाट्याला कोरड्या चाऱ्या आल्या. वरच्या भागात पाणी हवे तेवढे, खाली थेंब नाही, ही महाराष्ट्रातील बहुतेक कालव्यांची कहाणी आहे. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी या शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांना एकत्र करून, १९९० नंतर तिथे पाणी वापर संस्था उभ्या केल्या. संस्थेने खात्याशी करार करावयाचा, पाणी मोजून घ्यावयाचे, मोजलेल्या पाण्याची पट्टी भरावयाची, आणि आतले वाटप आपले आपण करावयाचे.

या ‘मोजून’ शब्दात साऱ्या क्रांतीचे बीज होते. पूर्वी पाणीपट्टी पिकावर आणि क्षेत्रावर. तेव्हा पाणी वाचविणाऱ्याला लाभ नाही आणि उधळणाऱ्याला दंड नाही. घनमापन पद्धतीने पाणी मिळू लागल्यावर, चारीच्या तोंडाशी बसविलेला प्रवाहमापक हा गावच्या आस्थेचा विषय झाला. कोणते पीक घ्यावे याचे स्वातंत्र्य मिळाले आणि ओझर-दिंडोरीच्या पट्ट्यात द्राक्षबागा वाढल्या. पावसाळ्यातले जादा पाणी जुन्या बंधाऱ्यांत सोडून विहिरी भरून घेण्याची युक्ती लोकांनीच काढली. आवर्तन शेवटच्या टोकाकडून सुरू करण्याची रीत पडली, म्हणजे जो सर्वांत दूर त्याची पाळी आधी. हळूहळू शीर्षाकडील गावेही या व्यवस्थेत आली, वीसहून अधिक संस्थांचा प्रकल्पस्तरीय संघ झाला आणि साऱ्या प्रकल्पाचे पाणीवाटप शेतकऱ्यांच्या हाती आले. २००५ साली राज्याने सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याविषयीचा जो अधिनियम केला, त्यात संस्थेच्या संचालक मंडळावर शीर्ष, मध्य आणि पुच्छ अशा तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधित्व ठेवले आहे. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी शतकानुशतके चालत आलेली फड पद्धती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या कल्पनेचे गोत्र ओळखू येईल. तिथेही पाटकरी आणि जागले गावाने नेमलेले, आणि पाटातील गाळ काढण्याचे दिवस ठरलेले.

सगळीकडेच असे सुफल झाले नाही. केरळने १९९६ साली लोकयोजना मोहीम काढून राज्याच्या योजनेतील निधीचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग स्थानिक संस्थांना दिला, आणि ठेकेदाराऐवजी लाभार्थी समित्यांकडून कामे करून घेण्याचे ठरविले. त्यांतल्या काही समित्यांच्या नावाआडून जुनेच ठेकेदार कामे करू लागले. पुण्याच्या महापालिकेने २००६ पासून नागरिकांनी सुचविलेली कामे अंदाजपत्रकात घेण्याची चांगली प्रथा पाडली; पण काम सुचविण्यापाशीच तिचा बहुतेक जोर संपतो. आणि खेड्यात तर आणखी एक अडसर आहे, तो भिडेचा. ठेकेदार हा पुष्कळदा भावकीतला असतो, सोयरा असतो, निदान ज्याच्या ट्रॅक्टरवाचून आपली नांगरट होणार नाही असा असतो. ‘भीड भिकेची बहीण’ हे आपण लहानपणी पाठ करतो खरे, पण उद्या ज्याच्या बांधावरून जायचे त्याच्या कामावर टेप लावणे सोपे नाही. राजस्थानातील जनसुनवाईचे मर्म मला इथे दिसते: बोट एकाने दाखवावयाचे नाही, वाचन सर्वांसमक्ष व्हावयाचे.

“लोकांना तांत्रिक बाबी कळत नाहीत,” असे अधिकारी म्हणतात, तेव्हा ते बहुधा मनापासून म्हणत असतात. त्यांना मी आमच्या गावची पुढची हकिगत सांगतो. गावातल्या दोन तरुणांनी १० रुपयांचा मुद्रांक लावून अर्ज केला. महिन्याभराने मोजमाप पुस्तिकेच्या त्या पानांची प्रत आली. रस्त्याची लांबी ६०० मीटर, रुंदी ३ मीटर, मुरमाच्या दबाईनंतरची जाडी २० सेंटिमीटर, परिमाण ३६० घनमीटर. निवृत्त मास्तरांनी ओट्यावर बसून गुणाकार केला, मग घनमीटरांचे ब्रास केले, ते आले १२७. एका ट्रॉलीत सुमारे एक ब्रास मुरूम मावतो. बाईने सांगितल्या होत्या ८७ ट्रॉल्या. शिवाय मोकळा मुरूम दबला म्हणजे कमी भरतो, हे तिथे जमलेल्या प्रत्येकाला सांगता येत होते. रविवारी सकाळी, सरपंच आणि ठेकेदाराचा माणूस यांना बोलावून, साऱ्यांच्या देखत टेप धरली गेली. लांबी बरोबर भरली, रुंदीही भरली. मग पहारीने तीन ठिकाणी खड्डे घेतले. पहिल्यात १२ सेंटिमीटर, दुसऱ्यात ११, आणि तिसऱ्यात, जिथे ओढ्याचा उतार आहे तिथे, ९. कोणी आवाज चढविला नाही. आकडे एका वहीत लिहून खाली सह्या आणि अंगठे झाले, आणि ती वही ग्रामसभेच्या इतिवृत्ताला जोडून वर पाठविली.

अंतिम देयक अजून निघाले नव्हते म्हणून त्या वहीचा उपयोग झाला. अभियंता आले, त्यांनी आपल्या टेपने पुन्हा मोजले, जुन्या नोंदीवर लाल शाईची रेघ मारून बाजूस नवी नोंद केली आणि आद्याक्षरी सही केली. ओढ्याकडच्या भागावर पावसाळ्यापूर्वी आणखी मुरूम पडला. त्या दुरुस्त पानाची झेरॉक्स प्रत पुढच्या ग्रामसभेत हातोहात फिरली, तशी ती चपलांच्या ढिगापाशी बसलेल्या बाईकडेही पोहोचली. तिला वाचता येत नाही. तिने रकान्यांवरून बोट फिरवीत मास्तरांना विचारले, “आन् माझ्या चार इसा सात कुठं लिव्हल्यात?” त्या कुठेच लिहिलेल्या नव्हत्या, पुस्तिकेत ट्रॉल्यांचा रकानाच नसतो. मास्तरांनी खिशातून पेन्सिल काढली, आणि प्रतीच्या समासात, तिला दिसेल अशा ठळक अक्षरांत, ८७ हा आकडा लिहिला.